मनातली भाषा आणि परदेशी शिकलेले पुणे

स्वतःशी मनातल्या मनात बोलणे हे विचाराचे एक मोठे साधन आहे. गणिताच्या पायऱ्या आठवणे, परीक्षेच्या आदल्या रात्री उत्तराची जुळवाजुळव करणे, चूक झाली की स्वतःला बजावणे, भीती वाटली की धीर देणे, ही सगळी कामे ओठ न हलवता चाललेल्या बोलण्यात होत असतात. ज्याला एकच भाषा येते त्याला हे बोलणे कोणत्या भाषेत चालते असे विचारण्याचे कारण नाही. पण दोन-तीन भाषांत वाढलेला विद्यार्थी परक्या मुलखात, परक्या भाषेत शिकू लागला की तो प्रश्न खरा होतो. पुण्याशी संबंध असलेली माणसे शिक्षणासाठी समुद्र ओलांडू लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. त्यांच्या मनातल्या भाषेचा इतिहास मात्र जहाजावर सुरू होत नाही. तो पुण्याच्या वर्गांत, पेठांतल्या ओसऱ्यांवर आणि संध्याकाळच्या परवच्यात सुरू होतो.

मूल आधी मोठ्यांशी बोलते, मग खेळताना स्वतःशी मोठ्याने बोलते आणि शेवटी तेच बोलणे आत वळते, असे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी मांडले. त्यांचे हे विवेचन १९३४मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. आतले बोलणे तुटक आणि गाळीव असते, कारण ऐकणाऱ्याला संदर्भ सांगावा लागत नाही. भारतीय परंपरेत भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’मध्ये वाणीच्या पातळ्या वेगळ्या केल्या होत्या. कानाला ऐकू येते ती वैखरी, बुद्धीत शब्दांच्या क्रमाने उमटते पण उच्चारली जात नाही ती मध्यमा, आणि जिथे क्रमही उरत नाही ती पश्यंती. पुढे परा जोडून झालेल्या चार वाणी मराठी संतवाङ्मयात घरच्या होऊन गेल्या. ‘वाक्यपदीया’ची काशीनाथशास्त्री अभ्यंकर आणि वि. प्र. लिमये यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६५मध्ये पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केली. आजचे मानसशास्त्र ज्याला आतले बोलणे म्हणते ते मध्यमेच्या बरेच जवळ आहे. फरक इतकाच की एका माणसाच्या मध्यमेत तीन भाषा नांदत असतील तर काय होते, हा प्रश्न भर्तृहरीपुढे या स्वरूपात नव्हता.

इतिहासाला मनात थेट डोकावता येत नाही. हाताशी असतात खासगी पत्रे, रोजनिशा, आत्मचरित्रे, आणि कोणी कोणता ग्रंथ कोणत्या भाषेत लिहिला याची नोंद. हा पुरावा आडवळणाचा आहे. पत्राला वाचणारा असतो आणि त्याची भाषा पत्राची भाषा ठरवते. तरी तो टाकाऊ नाही. मनातल्या बोलण्यालाही बहुधा कोणी तरी ऐकणारा कल्पिलेला असतो: आई, गुरू, नवरा, देव, परीक्षक. त्यामुळे कोणाशी कोणत्या भाषेत पत्रव्यवहार होता हे कळले की मनातल्या श्रोत्यांचाही थोडा अंदाज येतो.

इंग्रजी राज्य आले तेव्हा पुण्यात शिक्षणाच्या दोन वाटा होत्या. पंतोजींच्या शाळेत मुले धुळाक्षरे गिरवीत, मोडी वाचायला शिकत आणि पाढे घोकीत. पाढे नुसते पूर्णांकांचे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेही तोंडपाठ असत आणि बाजारातला हिशेब त्यांच्यावर चाले. दिवेलागणीला हेच सारे स्तोत्रांबरोबर पुन्हा म्हटले जाई, तो परवचा. दुसरी वाट शास्त्र्यांची. तिथे संस्कृत ग्रंथ मुखोद्गत करीत आणि अर्थ मराठीतून समजावून घेत. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतून सरकारने संस्कृत पाठशाळा उघडली, तेव्हा या दुसऱ्या वाटेला राजाश्रय मिळाला. म्हणजे इंग्रजी येण्यापूर्वीही पुण्यातल्या शिकलेल्या माणसाच्या डोक्यात एकच भाषा नव्हती. हिशेब मराठीत, शास्त्र आणि स्तोत्र संस्कृतात अशी वाटणी होती. मात्र स्पष्टीकरणाची भाषा दोन्हीकडे मराठीच होती, आणि पुढे नेमका तोच धागा तुटला.

नव्या विद्या कोणत्या भाषेतून शिकवाव्यात यावर १८४०च्या दशकात मुंबई इलाख्याच्या शिक्षण मंडळात कडाक्याचा वाद झाला. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. जॉर्ज जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूचे. त्यांनी १८२०च्या दशकातच गणिताची पुस्तके मराठीत करवून घेतली होती. जगन्नाथ शंकरशेट यांनीही देशी भाषांचाच पक्ष घेतला. १८५४च्या वुडच्या खलित्याने तडजोड सांगितली: खालचे शिक्षण देशी भाषांतून, वरचे इंग्रजीतून. १८५७मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर वरच्या शिक्षणातला इंग्रजीचा ताबा पक्का झाला, आणि पुढच्या दशकात विद्यापीठाच्या परीक्षांत मराठीची जागा संस्कृतसारख्या अभिजात भाषांना गेली. १८५१मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून झालेले पूना कॉलेज १८६४मध्ये डेक्कन कॉलेज झाले आणि १८६८मध्ये येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. तिथला विद्यार्थी तर्कशास्त्र, इतिहास आणि अर्थशास्त्र इंग्रजीत वाची, संस्कृतचाही अर्थ इंग्रजीत लिही आणि खोलीवर परतला की मराठीत बोले. न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे बराच काळ खटपट केली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी एम.ए.च्या परीक्षेत मराठीला स्थान मिळाले. तोवर निदान दोन पिढ्यांच्या पदवीधरांनी एकही शास्त्र मराठीत शिकलेले नव्हते.

मराठीच्या कैवाऱ्यांनीही ही व्यवस्था मोडली नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४पासून ‘निबंधमाला’ लिहून मराठी गद्याला नवे बळ दिले. पण टिळक-आगरकरांच्या साथीने त्यांनी जानेवारी १८८०मध्ये शाळा काढली तिचे नाव न्यू इंग्लिश स्कूल. पुढच्या वर्षी निघालेली वृत्तपत्रेही जोडीने निघाली, ‘केसरी’ मराठीत आणि ‘मराठा’ इंग्रजीत. १८८५मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले तेही इंग्रजी माध्यमाचेच. या माणसांना दोष देण्याचे कारण नाही. विद्यापीठाची परीक्षाच इंग्रजीत होती. पण परिणाम असा झाला की पुण्याच्या विद्यार्थ्याच्या मनातली भाषा विषयाविषयांत विभागली गेली. घर, भांडण, देव आणि हिशेब मराठीत. शास्त्र, कायदा आणि सरकार इंग्रजीत. परदेशात गेल्यावर त्याला जी दुहेरी मनःस्थिती जाणवली ती तिथे जन्मली नव्हती. तिथे घराची बाजू काढून घेतली गेली आणि सांधा उघडा पडला, इतकेच.

१८८३ साली एप्रिल महिन्यात दोन मराठी स्त्रिया शिक्षणासाठी परदेशी निघाल्या. आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला गेल्या, पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला. दोघींपैकी कोणीही इंग्रजी शाळेतून नेमाने शिकलेली नव्हती, म्हणूनच त्यांची उदाहरणे बोलकी आहेत.

आनंदीबाईंना शिकवले ते नवऱ्याने, गोपाळरावांनी, आधी मराठी आणि मग इंग्रजी. अठरा वर्षांची ही मुलगी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली आणि ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाली. शरीरशास्त्र तिने फक्त इंग्रजीत शिकले; मराठीत त्यासाठी तिच्याजवळ शब्दच नव्हते. गोपाळरावांना ती मराठीत लिही, न्यू जर्सीतल्या आश्रयदात्या थिओडिशिया कार्पेंटर यांना इंग्रजीत. पुढे काशीबाई कानिटकरांनी तिचे चरित्र लिहिले तेव्हा हा पत्रव्यवहार त्यांचा मोठा आधार होता. नवऱ्याची बोलणी, त्यांना दिलेली उत्तरे, थंडी, पोशाख, खाणेपिणे, मान-अपमान, हे सारे मराठीच्या वाट्याला आले. पण इंग्रजी केवळ पुस्तकाची राहिली नाही. कार्पेंटरबाईंशी जडलेला जिव्हाळा इंग्रजीतच वाढला आणि इंग्रजीतच व्यक्त झाला. पदवीच्या प्रबंधासाठी आनंदीबाईंनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय घेतला, म्हणजे जुना संस्कृत आधार इंग्रजी वैद्यकाच्या भाषेत मांडला. प्रबंधाची ही निवड फार महत्त्वाची आहे. परक्या शास्त्राला आपल्या आठवणीत बसवायला तिने शोधलेली ती जागा होती. १८८६च्या अखेरीस त्या क्षयाने खंगून परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. मराठीत वैद्यक बोलण्याची संधी त्यांना मिळालीच नाही.

रमाबाईंच्या डोक्यातले भाषांचे घर आणखी दाट होते. १८५८मध्ये जन्मलेल्या या मुलीला आई लक्ष्मीबाईंनी संस्कृत शिकवले. आईवडील गावोगाव पुराणे सांगत हिंडत, आणि त्या भ्रमंतीत मराठीबरोबर कानडी, हिंदी, पुढे बंगालीही तिच्या कानावरून जिभेवर आली. १८७८मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८२मध्ये त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ मराठीत लिहिली आणि इथेच इंग्रजी शिकू लागल्या. इंग्लंडात वाँटेजच्या मठात आणि मग चेल्टनमच्या महाविद्यालयात त्या शिकल्याही आणि त्यांनी संस्कृत शिकवलेही.

तिथल्या त्यांच्या लेखनात भाषांची वाटणी लख्ख दिसते. इंग्लंडच्या प्रवासाची हकीकत त्यांनी मराठीत लिहून पाठवली आणि ती १८८३मध्येच छापली गेली. ख्रिस्ती धर्मातल्या सिद्धांतांवर मठातल्या भगिनींशी त्यांचा जो तीव्र वाद झाला तो इंग्रजी पत्रांत आहे. ख्रिस्ती त्रैक्यासारख्या कल्पनेवर शंका घेणारे मन घडले होते संस्कृत वादपद्धतीत, शंका मांडली जात होती नुकत्याच शिकलेल्या इंग्रजीत. या पत्रांत विद्यार्थिनीचा भिडस्तपणा नाही. अमेरिकेत त्यांनी १८८७मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले, कारण मदत अमेरिकनांकडून मिळवायची होती. अमेरिकेबद्दलचे पुस्तक १८८९मध्ये मराठीत आले, कारण ते इथल्या लोकांना सांगायचे होते. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. परदेशी जडलेली श्रद्धा घरच्या भाषेत, साध्या बायकांना समजेल अशी उतरली पाहिजे, ही ओढ त्यांना शेवटपर्यंत होती.

याच काळात पुण्यातून एक वेगळी विद्यार्थिनी इंग्लंडला गेली. कॉर्नेलिया सोराबजी हिचे कुटुंब पारशी-ख्रिस्ती. तिची आई फ्रान्सिना पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल चालवीत असे. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकली आणि १८८९मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये कायदा शिकायला गेली. तिच्या घरी इंग्रजी बालपणापासून होती. पेठेतला मुलगा आणि कॅम्पातली मुलगी एकाच शहरातून निघत होते, पण विलायतेतल्या व्याख्यानात पहिल्यासाठी जे परके होते ते दुसरीसाठी निम्मे घरचे होते. पुण्याचा विद्यार्थी असे सरसकट बोलताना हा भेद विसरता येत नाही.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे केंब्रिजची परीक्षा पुण्यात घरोघर माहीत झाली. १८७६मध्ये कोकणातल्या मुर्डी गावी जन्मलेले परांजपे फर्ग्युसनमधून सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले आणि १८९९मध्ये गणितात सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे, झाले. पुण्यात रँग्लर हा शब्द त्यांच्या नावाचाच भाग बनला. त्यांची पिढी पाढे मराठीत शिकली आणि बीजगणित व कलनशास्त्र इंग्रजीत. अशा विद्यार्थ्याच्या मनात गुणाकार एका भाषेत आणि सिद्धता दुसऱ्या भाषेत चालणे अगदी शक्य आहे, आणि त्याला आज प्रयोगांचाही आधार आहे. एलिझाबेथ स्पेल्की आणि सॅना त्सिव्किन यांनी २००१मध्ये रशियन-इंग्रजी द्विभाषिकांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले की नेमके आकडे ज्या भाषेत शिकवले त्या भाषेत लवकर आठवतात. ढोबळ अंदाजावर मात्र भाषेचा तसा परिणाम होत नाही. परवच्याने पाठ झालेली औटकी केंब्रिजला जाऊन इंग्रजी होत नाही ती यामुळे. परांजप्यांच्या बाबतीत मात्र इंग्रजी फार खोल गेली होती. १९०२मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि आपले आत्मचरित्र १९६१मध्ये त्यांनी इंग्रजीत लिहिले.

उलट दिशेचे उदाहरण विठ्ठल रामजी शिंदे यांचे. जमखंडी या कानडी मुलखातल्या मराठी घरात जन्मलेले शिंदे १८९८मध्ये फर्ग्युसनमधून पदवीधर झाले आणि १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्र शिकले. तिथून ते ‘सुबोध पत्रिके’साठी मराठीत लिहीत. त्यांच्या लेखनात ऑक्सफर्डच्या व्याख्यानांतली कल्पना लगेच प्रार्थनासमाजाच्या, वारकऱ्यांच्या, घरच्या अनुभवाशी ताडून पाहिली जाते. अभ्यास इंग्रजीत करून त्याची पारख मराठीत करायची ही त्यांची रीत होती. १९०६मध्ये अस्पृश्योद्धारासाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढल्यावर याच रीतीचा उपयोग झाला, कारण ज्यांच्यात काम करायचे त्यांच्याशी बोलायची भाषा परदेशातही त्यांच्या हातून सुटली नव्हती. विनायक दामोदर सावरकरांनीही फर्ग्युसननंतर लंडनला कायदा शिकताना इंग्रजी कागदपत्रे वाचून १८५७वरचा ग्रंथ आधी मराठीतच लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९०९मध्ये निघाले. राजकीय विचार वेगळे असले तरी वाचन एका भाषेत आणि मनन दुसऱ्या भाषेत ही गोष्ट दोघांत समान दिसते.

कोसंबी पितापुत्रांचे उदाहरण या सगळ्यांत सर्वांत रेखीव आहे. धर्मानंद कोसंबी गोव्यातले, १८७६मध्ये साखवाळला जन्मलेले, घरची बोली कोंकणी. बुद्धाची पहिली ओळख त्यांना मराठी लेखनातून झाली. १८९९मध्ये घर सोडून ते संस्कृतसाठी पुण्याला आले, तिथून ग्वाल्हेर, काशी, नेपाळ करीत १९०२मध्ये सिलोनला पोचले आणि तिथे पाली शिकले, मग ब्रह्मदेशात गेले. इंग्रजी त्यांनी उशिरा कमावली. १९१०मध्ये ते हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीच्या कामासाठी गेले. अमेरिकेतल्या त्या ग्रंथालयात बसलेल्या माणसाच्या मनात बालपणाची कोंकणी, लेखनाची मराठी, शिक्षणाची संस्कृत, साधनेची पाली आणि सहकाऱ्यांशी बोलण्याची इंग्रजी अशा पाच भाषा होत्या. आत्मचरित्र ‘निवेदन’ त्यांनी मराठीत लिहिले, आणि ते १९२४मध्ये आले. आपल्या मनातली खळबळ, वैराग्य आणि अपराधाची भावना इतक्या सरळ मराठीत फार थोड्यांनी सांगितली आहे.

मुलगा दामोदर १९०७चा. बालपण पुण्यात गेले, पण अकराव्या वर्षी तो वडिलांबरोबर अमेरिकेला गेला आणि तिथल्याच शाळेत शिकला. १९२९मध्ये तो हार्वर्डचा पदवीधर झाला. परत येऊन फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे, भर्तृहरीच्या सुभाषितांची संशोधित आवृत्ती काढणारे आणि भारताच्या प्राचीन इतिहासाला नवे वळण देणारे दामोदर कोसंबी आपले शास्त्रीय लेखन प्रामुख्याने इंग्रजीत करीत राहिले. युरोपातल्या इतर भाषांतही त्यांनी निबंध लिहिले. पिता आणि पुत्र दोघेही हार्वर्डला होते. फरक वयाचा आणि शाळेचा होता. पिता तिथे गेला तेव्हा त्याचे आतले बोलणे पक्के झालेले होते. पुत्राचे ज्या वयात पक्के व्हायचे त्या वयात तो तिथे होता. परदेशातल्या मुक्कामाची लांबी मोजण्यापेक्षा तो कोणत्या वयात घडला हे पाहणे जास्त उपयोगी, असे या एका घरावरून म्हणता येते.

श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६मध्ये अमेरिकेला गेले आणि १९११मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर झाले. जातिसंस्थेच्या इतिहासावरचे त्यांचे पुस्तक इंग्रजीत आहे. पण परतल्यावर त्यांनी हाती घेतलेले काम म्हणजे ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’. १९२०च्या दशकात निघालेल्या त्याच्या २३ खंडांकडे विद्वत्तेचा पराक्रम म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण जे विषय पुण्याच्या पदवीधराने केवळ इंग्रजीत शिकले होते ते मराठीत वाचता, बोलता आणि पर्यायाने मराठीत मनात आणता यावेत याची ती पहिली मोठी सोय होती. विलायतेत आणि अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसांवर त्यांनी ‘परागंदा’ ही कादंबरीही लिहिली. त्यांची पत्नी शीलवती या मूळच्या जर्मन ज्यू. पुण्यातल्या त्या घरात इंग्रजी, जर्मन आणि मराठी एकत्र नांदत होत्या.

१९२०च्या दशकात पुण्याच्या विद्यार्थ्यांसाठी जर्मनी हे नवे ठिकाण झाले आणि त्याबरोबर एक भाषा वाढली. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकर रसायनशास्त्रासाठी तिथे गेले. इरावती कर्वे १९२८ ते १९३० बर्लिनमध्ये मानवशास्त्र शिकल्या. ब्रह्मदेशात १९०५मध्ये जन्मलेल्या इरावतींना लहानपणीच पुण्याच्या हुजूरपागेत ठेवले होते, आणि त्या रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढल्या. त्या घरातच त्यांना इंग्रजी वाचनाची गोडी लागली. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी मानवी कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेवर जर्मन भाषेत प्रबंध लिहिला, आणि वंशश्रेष्ठत्वाला पोषक असा निष्कर्ष मोजमापांतून निघत नाही हे मार्गदर्शकाच्या मतांविरुद्ध जाऊन दाखवले. तिसऱ्या भाषेत, परक्या गुरूसमोर असा विरोध करायला लागणारे धैर्य मोठे होते.

त्यांच्या पुढच्या लेखनात भाषांची वाटणी जवळजवळ नकाशासारखी आहे. भारतातल्या आप्तसंबंधांवरचा १९५३चा ग्रंथ इंग्रजीत. ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’मधले ललित निबंध आणि महाभारतावरचे ‘युगान्त’ मराठीत. मोजमापे, तक्ते आणि जगभरच्या विद्वानांशी वाद इंग्रजीत चालतात. वारीत चालताना मनात येणारे प्रश्न, कुंतीबद्दलचा राग, गांधारीबद्दलची कणव मराठीत येते. ‘युगान्त’ त्यांनी पुढे स्वतः इंग्रजीत आणले. मराठीत विचार झाला म्हणून तो कमी शास्त्रीय ठरला नाही. मूळ मराठी पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि आजही महाभारताच्या अभ्यासात ते वाचले जाते.

परदेशी जाणाऱ्यांच्या मनातल्या भाषेवर परिणाम करणारे खरे बदल याही काळात पुण्यातच घडत होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६मध्ये हिंगण्याला स्त्रियांचे विद्यापीठ काढले तेव्हा माध्यम मातृभाषा ठेवले आणि इंग्रजी सक्तीचा विषय ठेवला. वरचे शिक्षण मराठीतून होऊ शकते हे सिद्ध करण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता आणि त्याला मिळायला हवी होती तितकी साथ मिळाली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत माध्यमिक शाळांतून टप्प्याटप्प्याने मराठी माध्यम रुजले. स्वातंत्र्यानंतर अमेरिकेला गेलेला पुण्याचा इंजिनियर म्हणूनच आपल्या आजोबांपेक्षा वेगळा होता. न्यूटनचे नियम त्याने आधी मराठीत शिकलेले होते, आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षी त्या सगळ्यांना इंग्रजीत पुन्हा नावे लावून घ्यावी लागली होती. त्या एका वर्षात अनेकांची दमछाक झाली. पण ज्यांनी ते पार केले त्यांच्यापाशी एकाच कल्पनेसाठी दोन भाषांतल्या वाटा उरल्या.

जयंत नारळीकरांचे उदाहरण या वाटांचे वेगळे मिश्रण दाखवते. १९३८मध्ये कोल्हापूरला जन्म, बनारसला बालपण, घरी मराठी, शाळा हिंदी, १९५७नंतर केंब्रिजला इंग्रजी. त्यांचे खगोलशास्त्रातले काम इंग्रजीत आहे, पण १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी कथा लिहिली ती मराठीत, आणि त्यानंतर मराठी विज्ञानकथेला त्यांच्यामुळे वाचक मिळाले. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची उभारणी केल्यावर त्यांनी ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले आणि त्यालाही साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या भाषेत त्यांना शालेय शिक्षण मिळाले नव्हते त्या भाषेत त्यांना विज्ञान सांगता आले, कारण ती घरात सतत बोलली, वाचली गेली होती. मनातली भाषा केवळ शाळा ठरवत नाही हे यावरून दिसते.

आज पुण्यातून परदेशी जाणारा विद्यार्थी बहुधा इंग्रजी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातला असतो. सेमी-इंग्रजीत भाषा आणि समाजशास्त्रे मराठीत, गणित आणि विज्ञान इंग्रजीत. एकोणिसाव्या शतकात कॉलेजात होणारी वाटणी अशा रीतीने आता शाळेतच होते. २०००पासून राज्यातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली. घरी परवचा म्हणणे बहुतेक ठिकाणी बंद झाले आहे, त्यामुळे आकडेही आता मराठीची हक्काची जागा राहिलेले नाहीत. २०१९च्या जूनमध्ये पुण्याच्या बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बावन्न’बरोबर ‘पन्नास दोन’ असे संख्यावाचन सुचवले तेव्हा राज्यभर वादळ उठले. मंगला नारळीकर यांच्या गणित समितीचे म्हणणे असे की मराठीतली जोडाक्षरी आणि एकक आधी सांगणारी संख्यानावे लहान मुलांना जड जातात. विरोध करणाऱ्यांना आपल्या आतल्या मोजणीवर घाला आल्यासारखे वाटले. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. गमतीची गोष्ट अशी की एकक आधी सांगण्याची रीत जर्मन भाषेतही आहे, आणि जर्मनीत शिकायला जाण्यासाठी पुण्यातली शेकडो मुले रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकतात. मराठीत मोजणाऱ्याला ती उलटी रीत परकी वाटत नाही. इंग्रजीत मोजणाऱ्याला ती नव्याने शिकावी लागते.

अनेक भाषा बोलणाऱ्यांच्या मनातल्या भाषेवर गेल्या काही दशकांत अनेता पाव्हलेन्को, जाँ-मार्क दव्हाल यांसारख्या संशोधकांनी मोठे काम केले आहे. त्यातून दिसते ते असे: परभाषेत शिकण्याचा आणि राहण्याचा काळ वाढला की ती भाषा आतल्या बोलण्यात शिरते, आधी अभ्यासात आणि कामाच्या बेतांत, मग रोजच्या व्यवहारात. राग, लाड, प्रार्थना आणि मोजणी या जागा पहिली भाषा बहुधा उशिरा सोडते. परभाषेत लग्न झाले, मुले वाढली, तर त्याही जागा हलतात. पुण्याच्या दीड शतकाच्या नोंदी याला जुळतात आणि त्यात एक भर घालतात. पहिली भाषा कोणती जागा राखील हे विद्यार्थी निघण्यापूर्वी त्या भाषेला कोणते काम दिले होते यावर अवलंबून असते. शिंद्यांच्या मराठीला धर्मचिंतनाचे काम होते, इरावतींच्या मराठीला महाभारताचे, परांजप्यांच्या पिढीतल्या मराठीला पाढ्यांचे. जिला शाळेत फक्त कविता आणि व्याकरणाचा विषय म्हणून जागा मिळाली, त्या मराठीला प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात बसलेल्या विद्यार्थ्याच्या मनात करण्यासारखे फारसे काही उरत नाही.